एका नाट्यपदाची तयारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंधेरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला येथे बोलण्यास पाचारण केले, तेव्हा मी त्यांना प्रथम नकारच दिला. व्यासपीठावरून भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे सारे आयुष्य घरात पेटीपुढे बसून चार मुलींना गाणे शिकविण्यात गेले. परंतु चिटणीस म्हणाले, "आपल्या नातीकडून आपण जी तयारी करून घेतलीत, तेवढेच सांगा. पुष्कळांच्या घरी गाणारी मुले आहेत, त्यांना उपयोग होईल." हे मला पटले. तेव्हा आज मी संगीतशास्त्रावर व्याख्यान देणार नाही. एका मुलीने एका पदाची तयारी कशी केली, एवढेच सांगणार आहे. आणि अखेरीस मंडळाकडे एक मागणे मागणार आहे.

माझ्या मुलीची मुलगी बोरिवलीला राहते. वय वर्षे बावीस. उपनगरातील एका हौशी संस्थेने 'संगीत स्वयंवर' नाटक बसवावयाचे ठरविले आणि रुक्मिणीच्या भूमिकेसाठी निवड-चाचणी ठेवली. प्रत्येक मुलीने 'मम आत्मा गमला' हे पद गावयाचे होते. वेळ पाच मिनिटे, साथीला पेटी आणि तबला. चाचणीला सहा आठवडे असताना नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, हे पद तू बसवून दे."

हे पद कोणाच्या हातून घडले, ते येथील तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगते. 'संगीत स्वयंवर' हे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. त्याचा पहिला प्रयोग १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीने केला. पदांना चाली दिल्या गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी, आणि रुक्मिणी झाले बालगंधर्व. खाडिलकरांची लेखणी, बुवांची विद्या आणि गंधर्वांचा गळा असा त्रिवेणी संगम या नाटकात झाला. म्हणूनच शंभर वर्षे उलटून गेल्यावरही हौशी मंडळी या नाटकाकडे वळतात आणि परीक्षक मंडळी हेच पद पुढे ठेवतात. पद बिहाग रागातील, त्रितालातील. ऐकावयास अत्यंत सोपे, गावयास अत्यंत कठीण.

पहिल्या दिवशी मी नातीला गा म्हटले. तिने ध्वनिमुद्रिका ऐकून पद बसवलेच होते. आवाज गोड, ताना स्वच्छ. पद संपल्यावर मी विचारले, "गमला म्हणजे काय गं?" ती क्षणभर थांबली आणि संकोचाने म्हणाली, "आजी, आमच्या इमारतीत सगळे हिंदीच बोलतात. मला तर आपली फुलझाडाची कुंडीच आठवते."

आपण हसलात. मीही हसले. परंतु तो दोष त्या पोरीचा एकटीचा नाही. तिची शाळा इंग्रजी, शेजार गुजराती आणि हिंदी, आणि घरात आपण जे मराठी बोलतो त्यात हा शब्द उरलेला नाही. मी तिला सांगितले, गमणे म्हणजे वाटणे, मनाला उमगणे. विदर्भात अजूनही माणसे "इथे मला गमत नाही" असे म्हणतात. म्हणजे जीव लागत नाही. आणि रुक्मिणी कोण? विदर्भराजा भीष्मकाची कन्या, वर्धा नदीच्या काठच्या कौंडिण्यपूरची. तिच्या माहेरच्या मुलुखात हा शब्द आजही जिवंत आहे, हे ऐकून नातीला मोठी मौज वाटली.

मग मी तिला म्हटले, "आता आठ दिवस गावयाचे नाही. पद नुसते बोलावयाचे." तिला राग आला. चाचणीला सहा आठवडे, त्यातला एक फुकट घालवावयाचा? पण ऐकले. रोज संध्याकाळी ती माझ्यापुढे बसून पद गद्यासारखे बोले. पहिले दोन दिवस ती पाठांतर म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारले, "रुक्मिणीला हे कोणी सांगितले?" ती म्हणाली, "कोणी नाही. तिचे तिलाच कळले." मी म्हटले, "मग तसे बोल." पदातील रुक्मिणी कृष्णाच्या रूपाचे वर्णन करीत बसत नाही. ज्याच्यासाठी जीव आपल्याही नकळत तळमळत होता तो हाच, अशी तिला ओळख पटते. ओळख पटण्याचा क्षण फार लहान असतो. तो क्षण स्वरांनी किती वेळ धरून ठेवता येतो, ही या पदाची परीक्षा आहे. शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक नाही, त्याने नुसता सूर धरला तर श्रोत्याला बिहाग ऐकू येतो, रुक्मिणी ऐकू येत नाही.

आता रागाविषयी. बिहागच्या आरोहात ऋषभ आणि धैवत वर्ज्य आहेत. अवरोहात ते येतात, पण बेताने, पाय न रोवता. गंधार वादी, निषाद संवादी. तीव्र मध्यम येतो तो पंचमाच्या आश्रयाने. नव्या गाणाराचा हात नेमका या तीव्र मध्यमावर सुटतो. तो स्वर गोड आहे हे एकदा कळले की तो वरचेवर दाखविण्याचा मोह होतो. नातीलाही झाला. मी तिला सांगितले, सणाचा दागिना रोज घातला म्हणजे सण कळेनासा होतो. पदात तो एकदोनदाच, पण असा यावा की ऐकणाराने मान वर करावी.

दुसरी गोष्ट पट्टीची. तिने ध्वनिमुद्रिकेच्या मागे लागून स्वतःस न झेपणारी पट्टी धरली होती. वरच्या षड्जावर तिचा आवाज बारीक होई आणि शब्द चिमटले जात. आम्ही काळी पाच सोडून काळी चारवर आलो. तिला वाटले, आवाज खाली आला तर परीक्षकांस तो फिका वाटेल. वस्तुतः उलट झाले. वर जाताना श्वास पुरू लागला, आणि खालचा निषाद, ज्याच्याकडे आजवर तिचे लक्षच नव्हते, तो भरून येऊ लागला. ज्यांच्या घरी मुले चाचणीची तयारी करीत असतील, त्यांना माझे सांगणे आहे की पट्टी आपल्या गळ्याची धरावी, दुसऱ्याच्या कीर्तीची धरू नये.

तिसरी गोष्ट तानांची. बालगंधर्वांच्या प्रयोगात एकेका पदाला किती वन्समोअर पडत आणि नाटके पहाटेपर्यंत कशी चालत, याच्या गोष्टी आपण घरोघर ऐकल्या आहेत. तबल्यावर अहमदजान थिरकवा खाँसाहेबांसारखा माणूस असे. तेथे पद फुलावे यात नवल नाही. पण त्याच गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐका. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात त्यांनी काय ठेवले आणि काय सोडले, हे शिकण्यासारखे आहे. लांबलचक तानेऐवजी ते एका शब्दाला तीन तऱ्हांनी उच्चारतात आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाचा निराळा अर्थ दिसतो. नातीच्या गाण्यात अकरा ताना होत्या. मी मोजल्या होत्या. सहा आठवड्यांत आम्ही त्या तीनवर आणल्या. पहिली तान काढताना ती रडवेली झाली, शेवटची तिने आपण होऊन काढली.

चौथी गोष्ट अभिनयाची. संगीत नाटकात पद आकाशातून पडत नाही. अगोदर गद्य संभाषण असते, आणि बोलता बोलता पात्राला गावेसे वाटते. त्या सांध्यावर बहुतेकजण घसरतात. बोलतात एका सुरात, मग घसा खाकरून, पेटीवाल्याकडे पाहून, दुसऱ्याच सुरात गाणे आरंभतात. मी नातीकडून पदाआधीचे संभाषण पाठ करविले आणि त्याचे शेवटचे वाक्य षड्जाच्या जवळ आणून सोडावयास शिकविले. हातवारे बंद केले. "नजर एके ठिकाणी ठेव," म्हटले, "तेथे तो उभा आहे." बालगंधर्वांना पुरुष असून स्त्री व्हावयाचे होते, तो सारा नाजूकपणा त्यांना मेहनतीने उभा करावा लागला. मुलीने त्यांच्या मुरक्यांची नक्कल करण्याचे कारण नाही. तिला फक्त रुक्मिणी व्हावयाचे आहे.

आता प्रश्न राहिला मेहनत कोठे करावयाची याचा. हा आपल्या उपनगरांचा खरा प्रश्न आहे. बोरिवलीला दोन खोल्यांच्या जागेत वडील रात्रपाळी करून सकाळी झोपलेले, धाकट्या भावाची परीक्षा, आणि वरच्या मजल्यावरील गृहस्थ पेटीचा आवाज झाला की दार वाजविणारे. पोरगी सकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात, दाराशी उभी राहून, तोंडातल्या तोंडात पद म्हणत असे. एकदा कांदिवली ते अंधेरी ती तेच पद घोळवीत होती, तेव्हा शेजारी उभी असलेली एक मासळीवाली म्हणाली, "बाय, मोठ्यान् म्हण ना, आमाला पन ऐकू दे." तिने म्हटले. नात मला सांगत होती, "आजी, त्या दिवशी पहिल्यांदा मी कोणासाठी तरी गायले."

आपण विचाराल, हे सारे या बाईला कसे ठाऊक? त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती.

१९६५ साली मी एकोणीस वर्षांची होते. त्या वेळी मुंबईत संगीत नाटकाला पुन्हा बहर येत होता. आदल्याच वर्षी 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आले होते आणि जितेंद्र अभिषेकींच्या चाली ज्याच्या त्याच्या तोंडी झाल्या होत्या. पार्ल्यातील एका हौशी मंडळीने 'स्वयंवर' बसविण्याचे योजिले. मी हेच पद गायिले आणि माझी निवड झाली. तालमीचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी ज्ञातीतील दोन वडीलधारी माणसे आमच्या घरी आली. ती वाईट माणसे नव्हती. आमच्या अडीअडचणीला धावून येणारी होती. त्यांनी अण्णांना एवढेच विचारले, "तुम्हांला आणखी दोन मुली उजवायच्या आहेत ना?"

त्याला उत्तर नव्हते. अण्णा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. ते मला म्हणाले, "पेटी झाकून ठेव. घरी गा." मी तालमीला गेले नाही.

आज मी कोणास दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ती माणसे गेली, अण्णा गेले. पण दोन गोष्टी नमूद केल्याच पाहिजेत. एक अशी की, त्या काळीही ही भीती जुनी झाली होती. ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ सालीच 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. हिराबाई बडोदेकरांना सारा महाराष्ट्र मान देत होता. जयमालाबाई शिलेदार स्वतः रुक्मिणीची भूमिका करीत होत्या. दुसऱ्यांच्या मुलींचे गाणे आम्ही तिकीट काढून ऐकत होतो, गिरगावातून शेवटच्या लोकलने अंधेरीला परतत होतो, आणि आपल्या मुलीची पेटी झाकून ठेवीत होतो.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. आपल्या घरांतून मुलीचे लग्न जमावे म्हणून एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण करतात. नाथांनी तो ग्रंथ शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली काशीक्षेत्री पूर्ण केला. माझ्याही हातून ते पारायण करविले होते. त्या ग्रंथातील रुक्मिणी काय करते? भाऊ रुक्मी तिचे लग्न शिशुपालाशी ठरवितो. ती घरच्यांना न जुमानता कृष्णाला पत्र पाठविते, मला येऊन घेऊन जा म्हणून. ही कथा देवापुढे बसून वाचलेली चालत होती. तीच गोष्ट तोंडाला रंग लावून, सुरात म्हटलेली चालत नव्हती. मी त्या वेळी अण्णांना हे विचारू शकले नाही. सुचलेच नाही.

अण्णांनी "घरी गा" म्हटले, आणि मी घरी गायिले. एक खरे सांगते. १९६५ साली माझी निवड झाली ती तानांमुळे. तेव्हा मीही अकराच ताना घेत असेन, कदाचित बाराही. पुढे पन्नास-साठ वर्षे हे पद मी कोणाला जिंकण्यासाठी गायिले नाही. पोळ्या लाटताना गायिले, मुलांना निजविताना गायिले. तेव्हा कुठे ते मला थोडे कळले. जे कळले ते मी नातीला दिले. अण्णांनी आणखीही एक केले, ते सांगावयाचे राहू नये. त्यांनी ती पेटी विकली नाही. बहिणींच्या लग्नांत घरातली भांडी मोडीत गेली, पण पेटी राहिली. दर दसऱ्याला ते ती स्वतः पुसत. नातीची तयारी त्याच पेटीवर झाली.

चाचणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले होते. चौदा मुली होत्या. परीक्षकांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी प्रत्येकीला गाण्याआधी एकच सांगितले, "पदाचा अर्थ सांगा." कित्येक मुली गोंधळल्या. माझ्या नातीने अर्थ सांगितला, कौंडिण्यपूरही सांगितले, आणि त्याच श्वासात, गद्याच्या शेवटच्या अक्षरावरून, पद उचलले. तीन ताना घेतल्या. तीव्र मध्यम दोनदा आला. मी दाराबाहेर उभी होते, तेथवर प्रत्येक शब्द ऐकू आला.

रुक्मिणीची भूमिका तिला मिळाली नाही. ती दुसऱ्या एका मुलीला मिळाली, आणि न्यायाने मिळाली. ती मुलगी बारा वर्षे गुरूजवळ शिकलेली आहे आणि तिच्या गळ्याला जी स्थिरता आहे ती सहा आठवड्यांत येत नाही. आमच्या मुलीला रुक्मिणीच्या सखीचे काम मिळाले आणि रुक्मिणीची भूमिका तयार ठेवण्यास सांगितले आहे. घरी येताना गाडीत ती गप्प होती. मी तिला भास्करबुवांची गोष्ट सांगितली. ज्यांनी या पदाला चाल दिली ते बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गाणारे पात्र होते. 'रामराज्यवियोग' नाटकातील त्यांची कैकेयी गाजली होती. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. मग ते फैजमहंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्या पायांशी वर्षानुवर्षे बसले. आवाज गेला तेव्हाच ते थांबले असते, तर हे पद आज कोणाच्या तोंडी असते?

ही नावे मी येथे मुद्दाम उच्चारली. आपण एका ज्ञातीची माणसे येथे जमलो आहोत. एकमेकांच्या सुखदुःखाला जमावे हे योग्यच आहे. परंतु आपण ज्याला आपले नाट्यसंगीत म्हणतो, ते एका ज्ञातीने किंवा एका धर्माने निर्माण केलेले नाही. मुसलमान उस्तादांनी ब्राह्मण शिष्याला विद्या दिली, त्याने ती नाटकात ओतली, आणि साऱ्या महाराष्ट्राने ती कंठात घेतली. ज्ञातीचे मंडळ हे घराचे अंगण आहे. अंगणात मुले वाढतात, पण त्यांना पुढे रस्त्यावर जावयाचे असते. अंगणाचे दार आतून बंद केले, की काय होते ते मी सांगितले.

आता माझे मागणे. मंडळ दरवर्षी शालान्त परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार करते. तो चालू ठेवावा. परंतु गाणाऱ्या मुलाला हारतुऱ्यापेक्षा जागेची निकड आहे. पूर्वी नाटक पाहावयाचे तर गिरगावात नाहीतर दादरला जावे लागे. नंतर पार्ले, बोरिवली, मुलुंड येथे नाट्यगृहे उभी राहिली. नाटक उपनगरांत आले, पण तालमीला कोपरा मिळत नाही. आपले हे सभागृह लग्नसराई सोडली तर आठवड्यातून चार दिवस कुलूपबंद असते. त्यातील दोन संध्याकाळी ते मेहनतीसाठी उघडावे. एक पेटी आणि तबल्याची एक जोडी ठेवावी. वीज लागेल तेवढीच, पंखे दोन पुरेत. आणि दार उघडताना येणाऱ्या मुलाला ज्ञाती विचारू नये. एवढी माझी अट समजा, विनंती समजा.

पेटी विकत घेण्याची आवश्यकता नाही. अण्णांची पेटी मी मंडळाला देते. तिची भाती मागच्याच महिन्यात दुरुस्त करून घेतली आहे. तिच्यावर झाकण घालू नये, एवढेच सांगणे.